गाडी उलटी करून बघ

बाळा, जुन्या धातूच्या मोटारी जमवायला लागलास, फार छान केलंस. आणि एकच गाडी घेऊन तिचे सगळे व्हेरिएंट गोळा करायचे ठरवलंस, ते त्याहून छान. लाल गाडी आणि हिरवी गाडी यांतला फरक शेजारच्या पोरालाही दिसतो. दोन्ही लालच, पण एकीचा तळ काळा आणि दुसरीचा चंदेरी, हे ज्याला आपोआप दिसतं त्याला मी संग्राहक म्हणते. तुझी नजर अजून बसायची आहे. मोबाईलवर फोटो पाहिल्या पाहिल्या ‘आत्या, हीच ती!’ म्हणून ओरडायचं थांबवलंस की बसेल.

आपलं रायपूर या छंदाला सोयीचं गाव आहे. हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावर आपण बसलोय, आणि आपल्या देशातल्या छोट्या धातूच्या मोटारींची ठळक नावं या मार्गाच्या दोन टोकांची आहेत. कोलकात्याच्या निकी, मॅक्सवेल आणि मिल्टन. मुंबईच्या ब्लो प्लास्टची लिओ, जिनं पुढे मॅटेल कंपनीबरोबर आपल्याच देशात हॉट व्हील्स मोटारी बनवल्या. त्यात पुरानी बस्ती, ब्राह्मणपारा, तात्यापारा इथली जुनी मराठी घरं. माडीवर लोखंडी ट्रंका आहेत, आणि आत काय आहे ते घरच्यांनाही धड आठवत नाही. तेव्हा इथूनच सुरुवात कर, आणि मी सांगते ते कानात साठव.

१. एक गाडी धर आणि तिच्याच मागे राहा — एकीचं अंग न् अंग पाठ झालं की दुसरीतला फरक सांगायला कुणी लागत नाही.

२. ती महाग असायची गरज नाही, पुष्कळ बनलेली असू दे — पुष्कळ बनते तिचाच रंग बदलतो, चाक बदलतं, साचा झिजतो. मोजकी बनली तिच्यात शोधणार काय?

३. आपल्या देशात बनलेलीपासून सुरुवात कर — ती आपल्याच ट्रंकांत सापडते, आणि तिच्याबद्दल विचारायला माणसं अजून गावात आहेत.

मला विचारशील तर मी निकीची मिनीबस सांगेन. तिची गोष्ट ऐक. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं १९३४ साली आपल्या छोट्या मोटारींना ‘डिंकी टॉइज’ हे नाव दिलं. वर्षानुवर्षं नवे साचे आले, जुने बाजूला पडले. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांतले काही जुने साचे कोलकात्याच्या एस. कुमार अँड कंपनीकडे आले आणि ‘डिंकी’च्या जागी ‘निकी’ हे नाव लागलं. जग्वार, एमजीबी, फोक्सवॅगन १५००, अशा मोटारी कोलकात्यात ओतल्या जाऊ लागल्या. त्या दिवसांत परदेशी खेळणी सहजी मिळत नसत, त्यामुळे कित्येक मुलांच्या हातात आलेली पहिली जग्वार कोलकात्याची होती. या साच्यांतच ॲटलस नावाच्या इंग्लिश मिनीबसचा साचा होता. खरी ॲटलस आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीत बनायची, ‘स्टँडर्ड २०’ या नावानं. म्हणून खेळण्यालाही इकडे स्टँडर्डचंच नाव मिळालं. म्हणजे साचा विलायतेचा, धातू ओतला कोलकात्यात आणि नाव मद्रासच्या गाडीचं. एवढा इतिहास मुठीत मावतो, आणि तू म्हणतोस त्यात बघायचं काय!

४. गाडी हातात आली की आधी उलटी कर — रंग वरून देता येतो, तळ बदलणं अवघड असतं. मी तर म्हणते, पाठ बघून हरखावं, पोट बघून घ्यावं.

५. तळावरचं अक्षर न् अक्षर वाच, देशाचं नाव तर नक्कीच — मॅचबॉक्स बनवणाऱ्या लेझ्नी कंपनीच्या काळातल्या गाड्यांवर इंग्लंड असतं, १९८२ साली लेझ्नी बुडाल्यानंतरच्या गाड्यांवर मकाऊ, चीन, थायलंड येतात. हॉट व्हील्सवर हाँगकाँग, मलेशिया आणि आपल्या लिओच्या गाड्यांवर ‘इंडिया’. बाकी सगळं तेच असलं तरी व्हेरिएंट वेगळा.

६. तळावर छापलेलं साल गाडीचं जन्मसाल समजू नकोस — हॉट व्हील्सच्या तळावरचं साल त्या घडणीच्या हक्काचं असतं, आणि तोच तळ पुढे दहा-वीस वर्षंसुद्धा चालतो. विकणारा ‘बघा, १९७८ची आहे’ म्हणाला की मान डोलव, पण भाव त्या सालाचा देऊ नकोस.

७. निकीचा तळ तिरप्या उजेडात धर, सकाळच्या खिडकीपाशी — साच्यातलं जुनं नाव काढून नवं घातलेलं असलं की त्या जागेचा पोत आजूबाजूपेक्षा निराळा दिसतो. वरून मारलेल्या टॉर्चच्या झोतात हे मुळीच दिसत नाही.

८. मग चाकं बघ, आणि चाकांना पुरेसा वेळ दे — लेझ्नीच्या मॅचबॉक्सला आधी धातूची चाकं होती, मग करड्या प्लास्टिकची, मग काळ्या. काहींना मध्येच चंदेरीही. १९६८ला हॉट व्हील्स भरधाव पळणारी चाकं घेऊन आल्या आणि १९६९पासून मॅचबॉक्सलाही ‘सुपरफास्ट’ चाकं बसवावी लागली. त्या बदलाच्या काळात एकाच गाडीला जुनी आणि नवी अशी दोन्ही चाकं मिळतात.

९. आसाची टोकं भिंगाखाली बघ, चिमटून चपटी केलीत की गोल डोक्याची आहेत ते — जोडणीची पद्धत कारखान्यानं बदलली की टोक बदलतं, बाकी गाडी तशीच राहते. वरवर बघणाऱ्याच्या हातून हाच व्हेरिएंट निसटतो.

१०. आतल्या सीटचा रंग, काचेची छटा, मागचा हूक, दिव्यांवरचा चंदेरी ठिपका, हे सगळं ठरलेल्या क्रमानं बघ आणि क्रम कधी मोडू नकोस — क्रम मोडला की एक बाब राहतेच, आणि नेमकी तीच वेगळी असते.

११. दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग घे, सदर बाजारात चौकशी केलीस तर मिळेल — मोबाईलचा कॅमेरा कडा आपणहून गुळगुळीत करून दाखवतो आणि बघायची असते नेमकी कडच.

१२. छोटा वजनकाटाही ठेव — तळ धातूचा जाऊन प्लास्टिकचा आला की दोन-चार ग्रॅमनं कळतं, रंगानं कळत नाही.

आता व्हेरिएंट म्हणायचं कशाला, यावरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. तू भांडू नकोस, पण तुझं मत पक्कं ठेव. माझं मत असं: कारखान्यानं ठरवून किंवा गरज पडली म्हणून केलेला आणि एकाहून जास्त नगांवर दिसणारा बदल म्हणजे व्हेरिएंट. रंग संपला म्हणून दुसरा वापरला, हा व्हेरिएंट. एखाद्या गाडीवर रंगाचा थेंब ओघळला, ही गंमत. दोन्ही ठेव, पण खणात वेगवेगळे ठेव.

१३. रंग वेगळा वाटला तर गाडीच्या पोटात, चाकांच्या वरच्या कमानीत बघ — तिथे ऊन पोचत नाही. बाहेर गुलाबी आणि आत लाल, तर ती उन्हानं विटलेली लाल गाडी आहे.

१४. दुर्मिळ रंग ‘सापडला’ की त्याच रंगाचा दुसरा नग दुसऱ्या गावाहून शोध — एकटा नग रसायनानं, धुरानं, कुणाच्या ब्रशानंही वेगळा झालेला असतो. एकाची हौस, दोघांचा पुरावा.

१५. कारखान्याचा नमुना आणि बाजारात आलेला व्हेरिएंट यांची गल्लत करू नकोस — हॉट व्हील्सच्या फोक्सवॅगन ‘बीच बॉम्ब’ला आधी सर्फबोर्ड मागच्या काचेतून घातलेले होते. गाडी फार अरुंद झाली म्हणून ती रुंद केली आणि बोर्ड बाजूंना आले, आणि १९६९ला दुकानात आली ती ही दुसरी. पहिली ती नमुना. तिची गोष्ट जरूर वाच, पण ती हाती लागेल या आशेवर बसू नकोस.

१६. संग्राहकांचे कोड लक्षात ठेव: कोड एक म्हणजे कारखान्यातून जशी निघाली तशी, कोड दोन म्हणजे कारखान्याच्या परवानगीनं बाहेर सजवलेली, कोड तीन म्हणजे कुणीतरी घरी रंगवलेली — कोड तीन वाईट नसते, कोड एक म्हणून विकली तर वाईट.

१७. घरगुती दुरुस्ती दिसली तर नाक मुरडू नकोस, लिहून ठेव — कुणाच्या तरी वडिलांनी सायकलच्या स्पोकचा आस घालून मुलाला गाडी चालती करून दिलेली असते. ती व्हेरिएंट नव्हे, पण टाकूनही देऊ नये.

फसवणुकीबद्दल जरा सावकाश सांगते, कारण तू माणसांवर पटकन विश्वास ठेवतोस. तो ठेवच, फक्त गाडीवर ठेवू नकोस.

मॅचबॉक्सचा तेरा नंबरचा बीपीचा डॉज ट्रक आहे, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा. १९६५च्या सुमाराचा. त्याची केबिन पिवळी आणि मागचा भाग हिरवा. अगदी थोडे नग उलटे निघाले, केबिन हिरवी आणि मागचा भाग पिवळा. या उलट्या ट्रकाला जगभर मागणी आहे, आणि म्हणूनच त्याची नक्कलही जगभर होते. पिवळा आणि हिरवा असे दोनच तर रंग, इकडचा तिकडे करायला किती वेळ लागतो? तेव्हा ‘ज्याला भाव, त्याची नक्कल’ हे धरूनच चाल. साध्या दोन-तीनशेच्या गाडीची कुणी नक्कल करत नाही, म्हणून तिथे तू निवांत राहा. महाग गाडी समोर आली की मात्र चष्मा पुसून बस.

१८. तळाचे रिव्हेट आधी बघ — गाडी उघडायची तर ते कोरावे लागतात. टोक खरवडलेलं, स्क्रू बसवलेला किंवा भोवती डिंकाची चकाकी दिसली तर गाडी उघडली गेली आहे.

१९. आसाच्या टोकाला किंवा तळाच्या कडेला गाडीचा रंग लागलाय का बघ — कारखान्यात आधी रंग होतो आणि मग जोडणी. जोडलेल्या गाडीवर ब्रश फिरला तरच तिथे रंग जातो.

२०. दरवाजाच्या फटीत आणि बारीक अक्षरांत रंग साचलाय का ते भिंगानं बघ — जुन्यावर नवा थर चढला की कडा बोथट होतात आणि गाडी जरा सुजल्यागत दिसते.

२१. ‘हिच्यावर चित्रच छापलेलं नाही, दुर्मिळ आहे’ असं कुणी म्हणालं की ती जागा वाकडी धरून उजेडात बघ — नेलपॉलिश काढायच्या द्रवानं छपाई पुसता येते, पण तिथली चमक मरते.

२२. नवेकोरे काळेभोर टायर दिसले तर विचार — जुन्या डिंकीसाठी नवे रबरी टायर विकत मिळतात. बदलले असतील तर हरकत नाही, विकणाऱ्यानं ते सांगितलेलं असावं.

२३. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा दिवा अंधाऱ्या खोलीत गाडीवर धर — नवा रंग, नवा डिंक आणि नवा कागद बऱ्याचदा वेगळे चमकतात. एवढ्यावर निकाल देऊ नकोस, पण शंका घ्यायला ते पुरेसं आहे.

२४. डबी असेल तर गाडीइतकाच वेळ डबीला दे — गाडी मुलानं खेळायला घेतली, डबी केरात गेली, असंच घरोघरी झालंय. डबी राहिली तर इतिहास राहिला.

डबीवर साल सापडायची वाट मात्र बघू नकोस, ते बहुधा नसतं. पण आपल्या देशात डबीवरचा पत्ता साल सांगतो, आणि हे परदेशी पुस्तकांत शोधून मिळणार नाही. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. त्याआधी ‘कलकत्ता-१६’, ‘बॉम्बे-१’ असा एक-दोन आकडी विभाग लिहीत. नंतर कोलकात्यासाठी ७०००, मुंबईसाठी ४०००नं सुरू होणारा सहा आकडी पिन. तर असा एक-दोन आकडी विभाग दिसला की डबी बहुधा १९७२च्या आधीची किंवा लगेच नंतरची. ‘बॉम्बे’ लिहिलंय तर १९९५च्या आधीची असण्याचा संभव मोठा, ‘कलकत्ता’ लिहिलंय तर २००१च्या. आणि आपल्या गावची एक खास खूण आहे. दुकानदाराच्या शिक्क्यावर किंवा चिठ्ठीवर ‘रायपुर (म.प्र.)’ असेल तर तो कागद १ नोव्हेंबर २०००च्या आधी छापलेला, कारण त्या दिवशी छत्तीसगड वेगळं झालं. शिक्के आणि छापील पावत्या पुढेही संपेस्तोवर वापरतात, म्हणून ही खूण ‘छापलं कधी’ ते सांगते, ‘विकलं कधी’ ते नाही. तरी अशी चिठ्ठी ओलं करून, खरवडून काढणाऱ्या माणसाला मी गाडीला हात लावू देत नाही.

२५. किमतीच्या शिक्क्यावरचे शब्दही वाच — ‘स्थानिक कर वेगळे’ हा जुना मजकूर. ‘सर्व करांसह’ हे नव्वदच्या दशकात रूढ झालं.

२६. कुठल्या डबीत कुठली गाडी आली ते आहे तसंच लिहून ठेव आणि शोभा म्हणून अदलाबदल करू नकोस — चांगल्या डबीत चांगली गाडी घातली की दोघींचाही खरा पुरावा मेला.

आता सांभाळायचं. इंग्लंडातली पुस्तकं वाचून सांभाळायला गेलास तर फसशील, कारण तिथे पुरानी बस्तीचा मे महिना नाही आणि बूढा तालाबाकडून येणारी पावसाळ्याची ओल नाही.

या गाड्यांचा धातू म्हणजे जस्त, त्यात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम, थोडं तांबं आणि चिमूटभर मॅग्नेशियम. वितळवून दाबानं साच्यात भरतात. जस्तात शिसं मिसळलं असेल तर वर्षांनी धातू आतून फुगतो, तडे जातात, आणि गाडी सुकलेल्या तळ्याच्या मातीसारखी भेगाळून हातातच तुटते. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकींचं हे फार झालंय. ओल आणि उष्णता मिळाली की ते वेगानं वाढतं, आणि या दोन्हींची आपल्याकडे काही कमी नाही.

२७. बारीक भेगा किंवा वाकलेला तळ दिसला की गाडी वेगळ्या डबीत ठेव, त्याच दिवशी फोटो काढ — हा रोग शेजारच्या गाडीला लागत नाही, पण बराही होत नाही. उद्या उरेल ते आजच्यापेक्षा कमी असेल.

२८. गाड्यांचं कपाट कूलरच्या समोर ठेवू नकोस — उन्हाळाभर कूलर ओलसर हवा फेकतो. माणसाला बरं वाटतं, जस्ताला नाही.

२९. दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीसमोरही नको — लाल रंग आणि वरची छपाई उन्हानं आधी उडते, आणि मग तूच ‘गुलाबी व्हेरिएंट’ म्हणून दाखवत बसशील.

३०. नव्या प्लायवूडच्या कपाटाचा वास गेल्याशिवाय गाड्या आत ठेवू नकोस — त्या वासातली आम्लं बंद कपाटात धातूवर पांढरी बुरशीसारखी पूड आणतात. लोखंडी कपाट उत्तम.

३१. डांबराच्या गोळ्या मुळीच नकोत — त्यांच्या वाफेनं काही जुन्या प्लास्टिकच्या काचा आणि सीटा मऊ पडतात.

३२. ओल शोषायला सिलिका जेलच्या पुड्या ठेव, आणि तांदूळ मिठाच्या बरणीतच राहू दे — धानाच्या गावात तांदूळ हाताशी असतो हे खरं, पण त्यात टोके होतात.

३३. गाडी टायरवर वर्षानुवर्षं उभी ठेवू नकोस, तळाखाली पुठ्ठ्याचा ठोकळा दे — रबर एका बाजूला चपटं होतं. आणि काही मऊ टायर प्लास्टिकच्या फळीला चिकटून ती वितळवतात, वर आपलाही ठसा ठेवतात.

३४. लिंबू, चिंच, ब्रासो, टूथपेस्ट हे देवघरातल्या भांड्यांसाठी — गाडीवरची धूळ रंगाच्या मऊ ब्रशानं झटकायची, फार तर किंचित ओलं फडकं फिरवून लगेच कोरडं. घासून आलेली चमक मूळ रंग खाऊन आलेली असते.

३५. उडालेल्या रंगावर ठिपका द्यायचा मोह आवर — पोपडा गेलेली गाडी खरी असते, ठिपका दिलेली दुरुस्त. गेलं ते गेलं, उरलं ते तरी मूळचं राहू दे.

३६. पोळ्याला घरात पोरं जमतात तेव्हा कपाटाला कुलूप घाल आणि त्यांना मातीचे चाकवाले नंदीबैल आणून दे — ते खेळायलाच बनतात, फुटले तर पुढच्या वर्षी नवे येतात. पण एखादी साधी, डबी नसलेली गाडी पोरांना खेळायला अवश्य दे. हातात गाडी न घेतलेला पोरगा पुढे ती सांभाळेल कशाला?

खरेदीचे शिष्टाचार थोडक्यात सांगते, तू स्वभावानं चांगला आहेस, तुला फार सांगावं लागणार नाही.

३७. कुणाच्या घरी ट्रंक बघायला गेलास तर आधी बस, चहा घे, घरच्या म्हाताऱ्या माणसाशी बोल — गाडी ट्रंकेत असते, तिची हकीकत माणसाजवळ असते, आणि हकीकत घाईनं निघत नाही.

३८. घरच्यांना किंमत माहीत नसेल तर ती तू सांग — एकदा खरं सांगितलंस की ते घर पुढची ट्रंक तुलाच उघडून दाखवतं. फसवून आणलेली गाडी कपाटात रोज दिसते.

३९. मूल त्या गाडीशी खेळत असेल तर ती मागूच नकोस — कितीही दुर्मिळ असली तरी.

४०. कबाडीवाल्याशी दोस्ती ठेव, आणि काही घ्यायचं नसलं तरी नमस्कार कर — धातूची मोडकी गाडी वजनावर वितळायला जाण्याआधी तिला थांबवणारा तोच एक माणूस आहे.

४१. फोटोवरून घेत असशील तर तळाचा, आसाच्या दोन्ही टोकांचा आणि रिव्हेटचा जवळून काढलेला फोटो माग — जो तळ दाखवायला टाळतो त्याच्याकडे घ्यायचं नाही. यात संकोच कसला?

४२. पार्सलमध्ये गाडी आधी साध्या मऊ कागदात गुंडाळ आणि मग फुग्यांचं प्लास्टिक लाव — ते प्लास्टिक थेट रंगाला लागलं तर उन्हाळ्याच्या प्रवासात त्याचे गोल डाग उमटतात. आणि डबीला चिकटपट्टी लावायची नाही, कधीच नाही.

४३. महिन्याचा खर्च आधी ठरव आणि घरात सांग — लपवून घेतलेली गाडी लपवूनच ठेवावी लागते, मग जमवायची कुणासाठी?

आणि आता वही. हे शेवटी सांगतेय म्हणून कमी महत्त्वाचं समजू नकोस.

४४. प्रत्येक गाडीची नोंद आली त्याच दिवशी कर: तळावरचा मजकूर, चाकं, आस, रंग, आतला रंग, वजन, कुठून आली, किती दिले — आठवणीवर विसंबलेला संग्रह माणसाबरोबर संपतो. वहीत नाही ती गाडी मुकी.

४५. रंगाला ‘लाल’ म्हणून सोडू नकोस, कुंकवाचा लाल की विटेचा लाल ते लिही आणि दिवसाच्या उजेडात एकाच करड्या कागदावर फोटो काढ — दिव्याच्या पिवळ्या उजेडात निम्मे व्हेरिएंट एकसारखे दिसतात.

४६. गाडीवर नंबराची चिठ्ठी डकवू नकोस, दोऱ्यानं बांधलेला छोटा कागद लाव किंवा डबीच्या खालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिही — डिंक रंग घेऊन निघतो, आणि शाई पुसता येत नाही.

४७. ज्या व्हेरिएंटबद्दल फक्त ऐकलंय ते वेगळ्या पानावर लिही आणि कुणाकडून ऐकलं तेही — ऐकीव आणि पाहिलेलं एका पानावर आलं की काही वर्षांनी दोन्ही खरी वाटायला लागतात.

४८. वहीची एक प्रत दुसऱ्या घरी ठेव, आणि घरातल्या एका माणसाला ती वाचायला शिकव — तुझ्यामागे या गाड्या खेळणी म्हणून वाटल्या जाव्यात की संग्रह म्हणून राहाव्यात, हे ती वही ठरवणार.

एक काम मात्र आत्ताच कर, ते थांबणारं नाही. विलायतेच्या डिंकीवर जाडजूड पुस्तकं निघालीत, कुठल्या साली कुठला रंग होता ते त्यांत पानोपानी आहे. आपल्या गाड्या ज्यांनी ओतल्या, रंगवल्या, चाकं बसवली, दुकानांत पोचवल्या, ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कोलकात्याला गेलास, मुंबईला गेलास, की एक गाडी खिशातून ने आणि विचार: ही कुठल्या वर्षी होती, हा रंग का बदलला, हा तळ कुणी केला? इथे गोल बाजारात जुन्या खेळण्यांच्या दुकानदारांनाही विचार. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे, तारीख घाल, आणि एक प्रत मला पाठव.